लाल दिव्याशिवाय पिल्लांना ऊब : परसात कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी माहिती



गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांच्या मागच्या अंगणात कोंबड्या आल्या आहेत. २०२० साली घरी अडकून पडल्यावर काहींनी हौसेने सुरुवात केली. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत डझनभर अंड्यांचा सरासरी भाव सव्वासहा डॉलरच्या आसपास गेला, तेव्हा आणखी काहींनी विचार केला की आता आपणच पाळू. दर वसंतात दुकानांत पिल्ले येतात, आणि आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो : "गराजमध्ये पिल्लांसाठी लाल दिवा लावलाय, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. दुसरे काही करता येईल का?"

करता येते, आणि सोपे आहे. त्याची माहिती एका जागी असावी म्हणून हा लेख. आम्ही बॉस्टनच्या परिसरात राहतो, तेव्हा हवामानाची उदाहरणे इथली आहेत. तुम्ही टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात असाल तर काम आणखी सोपे!

आधी थोडे नियमांबद्दल

पिल्ले आणण्यापूर्वी आपल्या गावाचा नियम पाहा. कोंबड्या किती ठेवता येतात, खुराडे शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती लांब हवे, हे प्रत्येक गावी वेगळे असते. कोंबडा ठेवायला बहुतेक उपनगरांत मनाई असते. सोसायटीचे, म्हणजे होमओनर्स असोसिएशनचे नियम वेगळेच. पिल्ले घरी आल्यावर आणि मुलांनी त्यांना नावे ठेवल्यावर हे कळले तर फार जड जाते.

पिल्लाला बाहेरून ऊब का लागते?

मोठ्या कोंबडीच्या अंगाचे तापमान साधारण ४१ अंश सेल्सिअस असते. नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाचे त्याहून दीड-दोन अंश कमी असते, आणि ते टिकवून धरण्याची ताकद त्याच्यात अजून आलेली नसते. अंगावर जी मऊ लव दिसते ती म्हणजे पिसे नव्हेत. लव थोडी ऊब धरते, पण ओली झाली की तिचा उपयोग संपतो. खरी पिसे फुटून अंग झाकायला पाच ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळासाठी कोणीतरी आई व्हावे लागते.

पुस्तकांत दिलेले वेळापत्रक असे असते :

पहिला आठवडा : ९५ अंश फॅरनहाइट (३५ अंश सेल्सिअस)
दुसरा आठवडा : ९० (३२)
तिसरा आठवडा : ८५ (२९)
चौथा आठवडा : ८० (२७)
पाचवा आठवडा : ७५ (२४)
सहावा आठवडा : ७० (२१)

हे आकडे बरोबर आहेत, पण वाचताना एक चूक हमखास होते. लोक समजतात की सबंध खोके किंवा सबंध खोली ९५ अंशांवर ठेवायची आहे. तसे नाही. हे तापमान फक्त उबेच्या जागेचे. बाकीचे खोके गारच हवे.

गावाकडे खुडूक कोंबडी पाहिली असेल त्यांना हे लगेच पटेल. कोंबडी काही अंगण तापवत नाही. पिल्ले उकिरड्यावर हिंडतात, दाणे टिपतात, गार वाटले की आईच्या पोटाखाली शिरतात, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा बाहेर पडतात. ऊब लागते ती अंगाला अंग लावून, वरून पाठीवर. एक उबदार जागा, बाकी मोकळी गार जागा, आणि येण्याजाण्याची मुभा, एवढे जमले की झाले. खाली दिलेले सगळे उपाय याच एका गोष्टीवर उभे आहेत.

दिवा का नको?

दुकानात पिल्लांबरोबर सर्रास मिळतो तो २५० वॉटचा दिवा, त्यावर पत्र्याचे टोपण आणि धरायला एक चिमटा. खाली कोरडा भुसा, आजूबाजूला उडणारी धूळ आणि फडफडणारी पिल्ले. चिमटा निसटला, कुत्र्याने किंवा मुलाने वायर ओढली, गरम काचेवर पाण्याचे थेंब उडून बल्ब फुटला, की आगीला एवढे पुरते. आपल्याकडे भिंती विटांच्या किंवा दगडांच्या. इथली घरे बहुतांशी लाकडी सांगाड्याची, आणि गराज घराला चिकटून. म्हणजे खोक्यात लागलेली आग खोक्यापुरती राहत नाही. इथले अग्निशमन दल दर थंडीत या दिव्यांबद्दल सावध करते ते उगीच नाही.

आगीखेरीज आणखी चार गोष्टी आहेत.

एक, दिवा वरून हवा आणि जमीन दोन्ही तापवतो. लहान खोक्यात पिल्लांना पळून जायला गार कोपराच उरत नाही, आणि ती उष्म्याने मरतात. थंडीइतकेच हेही घडते.

दोन, चोवीस तास उजेड. पिल्लांना रात्र कळतच नाही. सततच्या उजेडात आणि दाटीत ती एकमेकांना टोचायला लागतात. अंधारात, मायेच्या जागी झोपलेली पिल्ले शांत वाढतात.

तीन, न फुटणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बल्बांवर टेफ्लॉनसारखा लेप असतो. तो तापल्यावर निघणारा वायू पक्ष्यांना मारक असतो. आपल्याला वासही येत नाही.

चार, वीज. २५० वॉटचा दिवा महिनाभर अखंड चालला तर १८० युनिट जळतात. २५ वॉटच्या गरम पाटीला १८ युनिट पुरतात. युनिटला ३० सेंट धरले तर ५४ डॉलर विरुद्ध ५ डॉलर ४० सेंट.

उपाय पहिला : गरम पाटी

हिला इथे हीटिंग प्लेट किंवा ब्रूडर प्लेट म्हणतात. चार पायांवर उभी असलेली सपाट पाटी, खालून कोमट गरम. पिल्ले तिच्याखाली शिरतात आणि पाठ पाटीला टेकवून झोपतात. आईच्या पोटाची ही अगदी जवळची नक्कल. आकाराप्रमाणे १५ ते ६० वॉट लागतात. पहिल्यांदाच पिल्ले आणणाऱ्यांना आम्ही हीच सुचवतो.

वापरताना लक्षात ठेवायच्या गोष्टी :

- पाटीची उंची पिल्लाच्या पाठीइतकी हवी. उभे राहिलेल्या पिल्लाची पाठ पाटीला लागली पाहिजे. मागची बाजू थोडी खाली आणि पुढची थोडी वर ठेवली तर लहान-मोठी सगळी पिल्ले आपापली जागा शोधतात. दर तीन-चार दिवसांनी पाय वर सरकवा, कारण पिल्ले बघता बघता वाढतात.
- पाटीखाली थर्मामीटर ठेवून ९५ चा आकडा शोधू नका. ती हवा तापवत नाही, अंग तापवते. आकडा कमी दिसला म्हणून घाबरून दिवा लावणारे बरेच जण आम्ही पाहिले आहेत.
- खोलीच फार गार असेल तर पाटी पुरी पडत नाही. अशा बऱ्याच पाट्यांच्या पुस्तिकेत खोलीचे तापमान निदान ५० अंश फॅरनहाइट (१० सेल्सिअस) हवे असे लिहिलेले असते. बॉस्टनला एप्रिलच्या रात्री पारा चाळिशीच्या आसपास उतरतो. त्यामुळे न तापवलेल्या गराजपेक्षा पहिले दोन-तीन आठवडे तळघर किंवा मोकळी खोली बरी.
- एका पाटीखाली किती पिल्ले मावतात ते पुस्तिकेत दिलेले असते. तो आकडा अगदी लहान पिल्लांचा असतो. चौथ्या आठवड्यात तीच पिल्ले तिप्पट जागा घेतात. म्हणून एक आकार मोठीच घ्या.
- पिल्ले वर चढून बसतात आणि घाण करतात. वरून प्लॅस्टिकचा पातळ कागद लावला की पुसायला सोपे जाते.

उपाय दुसरा : हीटिंग पॅडची गुहा

जाळीचा तुकडा कमानीसारखा वाकवायचा, त्यावर हीटिंग पॅड पसरायचा, वरून कापड, आणि आत भुसा. तयार झाली गुहा. कमान पुढे उंच आणि मागे ठेंगणी ठेवा. पहिल्या आठवड्यात पॅड पिल्लांच्या पाठीला लागेल इतके छत खाली हवे.

इथे तीन पथ्ये पाळा. कंबर शेकायचे पॅड बहुधा दोन तासांनी आपोआप बंद होतात. तसला पॅड चालणार नाही, नाहीतर मध्यरात्री पिल्ले गारठतील. दुसरे, माणसांसाठी बनवलेला पॅड वाकवून, दुमडून आणि लक्ष न ठेवता वापरू नये असे त्यावरच लिहिलेले असते. म्हणून जनावरांसाठी बनवलेला, ओलावा सोसणारा आणि सतत चालणारा पॅड घ्या, आणि त्याला घडी पडू देऊ नका. तिसरे, कापड फ्लॅनेल किंवा फ्लीसचे हवे. टर्किश टॉवेलच्या फासांत पिल्लांची नखे अडकतात.

बी रुजवायला मिळणारी गरम चटई या कामाला पुरत नाही. ती खोलीपेक्षा फार तर दहा-वीस अंश फॅरनहाइट वर जाते. शिवाय ती खालून तापते, आणि पिल्लाला ऊब हवी पाठीवर.

उपाय तिसरा : वीज नसलेली पेटी

ही युक्ती जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावचे ई. डब्ल्यू. फायलो यांनी लहान जागेत कोंबड्या पाळायची स्वतःची पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तीत पिल्ले आगीविना, त्यांच्याच अंगच्या उबेवर वाढवायची असत. आजही ती पद्धत चालते.

मोठ्या खोक्यात लहान खोके ठेवा. दोघांमध्ये चारही बाजूंनी आणि तळाशी चार-चार इंच सुके गवत किंवा पेंढा दाबून भरा. आतल्या खोक्यावर लोकरीचे कापड सैल सोडा, इतके की त्याचा झोळ पिल्लांच्या पाठीला हलका लागेल. एका बाजूला ये-जा करायला दार, आणि वरच्या अंगाला हवा खेळायला भोके. जुनी लोकरी शाल किंवा घोंगडी यासाठी उत्तम.

पण यात ऊब देणारी पिल्लेच असतात. चार-पाच पिल्लांच्या अंगाची ऊब पुरत नाही. बारा-पंधरा तरी हवीत. आणि इथल्या मार्चमध्ये अगदी पहिल्या दिवसापासून यावर विसंबू नये. पहिला आठवडा-दीड आठवडा पाटीखाली काढून मग पेटीत हलवलेली पिल्ले छान राहतात. मे-जूनमध्ये आणलेल्यांना ही पेटी बरीच लवकर चालते.

उपाय चौथा : खुडूक कोंबडी

सगळ्यांत चांगली सोय हीच. ना वायर, ना थर्मामीटर. घरात आधीच कोंबड्या असतील आणि त्यातली एखादी खुडूक झाली असेल, म्हणजे खोपा सोडत नसेल, हात नेला की पिसे फुलवून गुरगुरत असेल, तर तिच्याकडे पिल्ले सोपवता येतात. अंड्यातून पिल्लू यायला २१ दिवस लागतात, म्हणून ती निदान दोन-अडीच आठवडे बसलेली असावी. पिल्ले एक ते तीन दिवसांची हवीत. अंधार पडल्यावर, आवाज न करता, एकेक पिल्लू तिच्या पोटाखाली सरकवा आणि खालची अंडी काढून घ्या. पहाटे स्वतः हजर राहा. क्वचित एखादी कोंबडी परक्या पिल्लांना टोचते. तसे दिसले तर लगेच पिल्ले बाहेर काढायची, म्हणून पाटी तयार ठेवलेली बरी.

मध्यम अंगाच्या कोंबडीला आठ-दहा पिल्ले सहज झाकता येतात. सिल्की, कोचीन, ऑर्पिंग्टन या जातींच्या कोंबड्या वरचेवर खुडूक होतात. लेगहॉर्न क्वचितच होते. अडचण एवढीच की खुडूक कोंबडी आपल्या सोयीने मिळत नाही!

वीज गेली तर

वादळात इथे वीज जाते, आणि ती नेमकी गार रात्री जाते. घरात पिल्ले असताना ही तयारी आधीच करून ठेवा.

पिल्ले लहान खोक्यात एकत्र आणा. गरम पाण्याच्या रबरी पिशव्या किंवा घट्ट झाकणाच्या लिटरभर बाटल्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळून मधे ठेवा. पिल्ले त्यांना टेकून बसतात. दर तीन-चार तासांनी पाणी बदला. खोक्यावर घोंगडी टाका, पण एक कड उघडी ठेवा. पाणी तापवायला गॅसची शेगडी नसेल तर मोठा थर्मास भरून ठेवण्याची सवय चांगली.

आणि हे ठळक लक्षात ठेवा : कोळशाची शेगडी, बार्बेक्यू किंवा रॉकेलचा स्टोव्ह घरात, तळघरात किंवा गराजमध्ये पेटवू नका. गावाकडे दिवे गेले की पिल्लांजवळ शेगडी ठेवतात हे आपल्याला माहीत आहे. तिथे कुडाच्या भिंती आणि कौलांतून हवा खेळते. इथली घरे थंडीसाठी गच्च बंद केलेली असतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्यात पिल्ले जातील आणि माणसेही. जनरेटरही घराबाहेर, खिडक्या-दारांपासून लांबच.

खोके आणि पहिला दिवस

अठरा इंच उंच भिंतींचे प्लॅस्टिकचे किंवा जाड पुठ्ठ्याचे खोके चालते. पहिले दोन आठवडे दर पिल्लाला अर्धा चौरस फूट आणि पुढे एक चौरस फूट जागा धरा. तळाला पाइनच्या लाकडाचा भुसा घाला. सीडरचा नको, त्याच्या वासाने श्वासाला त्रास होतो. नुसते वर्तमानपत्र अंथरू नका. ते गुळगुळीत असते, आणि पिल्लांचे पाय फाकून कायमचे अधू होतात. पाटी एका टोकाला, दाणा-पाणी दुसऱ्या टोकाला. खोके दाराच्या किंवा खिडकीच्या झोतात नको.

पिल्ले टपालानेही येतात. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९१८ पासून एक दिवसाची पिल्ले पोचवायला सुरुवात केली. अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेतलेला असल्यामुळे पिल्लू सुमारे तीन दिवस दाण्यापाण्याविना तगते. पण पोचते तेव्हा ते थकलेले आणि गारठलेले असते. खोके आदल्या दिवशीच गरम करून ठेवा. प्रत्येक पिल्लाची चोच खोलीइतक्या कोमट पाण्यात एकदा बुडवा आणि मग त्याला पाटीखाली सरकवा. पहिल्या दिवशी असे चार-पाच वेळा करावे लागते. दिवा दिसतो, पाटी दिसत नाही, म्हणून ऊब कुठे आहे हे त्यांना शिकवावे लागते. एकदा एक पिल्लू शिकले की बाकीची त्याच्या मागे जातात.

आकडा नको, पिल्ले वाचा

- पसरून दाणे टिपताहेत, हलके किलबिलताहेत, आळीपाळीने पाटीखाली जाताहेत : सगळे ठीक.
- एकावर एक ढीग करून कर्कश चिवचिवताहेत : थंडी वाजते आहे. लगेच बघा, ढिगात खालची पिल्ले गुदमरतात.
- पाटीपासून लांब, चोच उघडून धापा टाकताहेत, पंख अंगापासून सोडलेले : उकडते आहे. पाटी वर करा.
- सगळी एकाच कोपऱ्यात, पाटीपासून दूर पण घट्ट : कुठून तरी वारा येतो आहे.
- एखादेच गप्प, डोळे मिटून बाजूला : त्याचा मागचा भाग पाहा. शी चिकटून वाट बंद झाली असेल तर कोमट पाण्याच्या कापडाने मऊ करून पुसा, ओढून काढू नका. पुसल्यावर पूर्ण कोरडे करूनच सोडा.

झोपण्यापूर्वी एकदा आणि पहाटे एकदा पाहणे पहिल्या आठवड्यात चुकवू नका.

मुले आणि स्वच्छता

पिल्ले निरोगी दिसली तरी त्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. पाच वर्षांखालील मुलांच्या हातात पिल्ले देऊ नयेत असे इथले आरोग्य खाते सांगते. बाकी मुलांनी हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. मुका घेणे, गालाला लावणे नको. खोके स्वयंपाकघरात ठेवू नका, त्याची भांडी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुऊ नका. २०२२ पासून अमेरिकेत बर्ड फ्लूने घरगुती कळपांनाही गाठले आहे. म्हणून रानपक्षी आणि त्यांची विष्ठा दाण्यापाण्यापासून दूर राहील असे पाहा. कळपात अचानक मरतूक झाली तर राज्याच्या पशुवैद्यक कार्यालयाला कळवा.

वायरबद्दलही एक शब्द. पाटी असो की पॅड, वीज आहेच. विजेची गळती होताच स्वतः बंद होणाऱ्या जीएफसीआय सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शन वायरींची साखळी करू नका आणि छताला धूर-सूचक असू द्या.

ऊब कधी काढायची?

चौथ्या-पाचव्या आठवड्यात पिल्ले दिवसा पाटीकडे फिरकत नाहीत. तेव्हा दिवसा पाटी बंद ठेवा. रात्रीही तिच्यावर चढून झोपायला लागली, खाली शिरेनाशी झाली, की समजा काम झाले. ऊन पडलेल्या दिवशी दोन-चार तास अंगणात सोडा, जाळीखाली, कारण ससाण्याचे लक्ष असतेच. सहा आठवड्यांची, पूर्ण पिसे आलेली पिल्ले रात्री पारा पन्नाशीच्या वर असेल तर खुराड्यात मजेत राहतात.

पिल्ले आणायचा विचार असेल तर एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये आणा. बाहेरची गरमी वाढत जाते तशी पिसेही येत जातात, आणि निम्मे काम हवामानच करते. आपापले अनुभव आणि शंका मंडळाकडे जरूर कळवा. ज्यांच्याकडे खुडूक कोंबडी आहे त्यांनी तर आधी कळवा, गरजू घरे बरीच आहेत!